महापौरांचा विरोध

नऊ वर्षं देयानीरा मोंतान्यो डोंगरावरच्या एल मिरादोर वस्तीसाठी रोपवे मागत होती, आणि त्या नऊ वर्षांत तिनं तीन महापौर, सात इंजिनिअर आणि स्वतःचा उजवा गुडघा झिजवला होता. वस्तीतून खाली सांता इनेस शहरात उतरायला दोनच वाटा. एक हजार चाळीस पायऱ्या, नाहीतर जीप. जीप भरल्याशिवाय सुटायची नाही, आणि भरली म्हणजे नेमकं काय हे ड्रायव्हर ठरवायचा.

देयानीरा शाळेचे गणवेश शिवायची. वस्ती समितीची अध्यक्ष होती, कारण बाकीच्यांना एकदा अर्ज लिहायचा कंटाळा नव्हता, पुन्हा पुन्हा लिहायचा होता. तिचा धाकटा भाऊ एलिओदोरो जीप चालवायचा. दोघं एकाच घरात राहायची, ती खाली, तो वर. रोज दुपारी तो तिच्याकडे जेवायला यायचा, आणि रोपवेविरुद्ध बोलत बोलत दोनदा भात वाढून घ्यायचा.

"तुझा तो डबा आला ना, की मी काय करायचं? तारेवर कपडे वाळत घालू?"

"सकाळी माणसं तासतासभर तुझ्या जीपची वाट बघतात, एलिओ."

"वाट बघतात म्हणजे मागणी आहे. मीठ दे."

चौथे महापौर निवडून आले ते वेन्सेस्लाओ तास्कोन. आमच्याकडे कुठल्याही पुढाऱ्याला डॉक्टर म्हणायची पद्धत आहे. तास्कोन खरोखरच डॉक्टर होते, गुरांचे. रोज सकाळी साडेसहाला ते रेडिओवर बोलायचे आणि कुणाला ना कुणाला शिव्या घालायचे. एकदा त्यांनी सभागृहात खेचर आणलं. एकोणीस नगरसेवकांपेक्षा हे जनावर जास्त वेळा एल मिरादोरला चढून गेलंय, असं म्हणाले. यावर सभागृहानं प्राण्यांना प्रवेशबंदी करणारा ठराव केला. महापौरांनी उभं राहून विचारलं की मग दुसऱ्या रांगेतले दोन सदस्य आत्ताच निघणार की चहापानानंतर.

एकोणिसातले अकरा त्यांच्या विरोधात होते. त्या अकरांच्या पुढारी मार्लेन एचेवेरी, निवृत्त मुख्याध्यापिका. महापौर जे म्हणतील त्याच्या उलट हात वर करायचा, एवढं त्यांचं धोरण साधं होतं. महापौरांनी चौकात झाडं लावा म्हटलं, तर अकरा मतांनी सावली नामंजूर झाली. त्यामुळे महापौरांनी जेव्हा रोपवेचा प्रस्ताव आणला, तेव्हा एचेवेरीबाईंनी त्याला "श्रीमंतांचं खेळणं" म्हटलं आणि प्रस्ताव आठ विरुद्ध अकरा असा पडला. देयानीरा प्रेक्षकांच्या बाकावर बसली होती. ती घरी आली, शिलाई मशीन उघडलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही.

महापौर मात्र बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रेडिओवर जाहीर केलं की नगरसेवकांना जीपवाल्यांनी फितवलंय, आणि त्या जीपा म्हणजे चाकं लावलेली कोंबड्यांची खुराडी आहेत. दुपारपर्यंत जीपवाल्यांच्या संघटनेनं संप पुकारला.

"खुराडी!" एलिओदोरो जेवताना म्हणाला. "आणि आत बसतात ती कोण मग? तू कोण?"

"मी काय करू? मी नाही बोलले."

"मत कुणी दिलंस त्याला?"

देयानीरानं त्याला भात वाढला. मत तर तिनं दिलं होतंच, वर वस्तीतली साडेचारशे मतं गोळा करून दिली होती.

संपाचे दिवस वाईट गेले. ओतोनिएल म्हाताऱ्याला एक दिवसाआड डायलिसिसला जावं लागे. त्याला चार जणांनी खुर्चीत बसवून पायऱ्यांनी उतरवलं आणि संध्याकाळी तसंच वर आणलं. चौघांतल्या एकाची पाठ धरली, तेव्हा पुढच्या खेपेला त्यालाही कुणीतरी धरावं लागलं. देयानीरा खुर्चीच्या पुढे चालायची, वाट मोकळी करायची, आणि प्रत्येक वळणावर गुडघ्याला हात लावून थांबायची.

तिसऱ्या दिवशी महापौरांनी ठरवलं की आपण स्वतः पायऱ्या चढून एल मिरादोरला जायचं. सोबत पत्रकार, दोन कॅमेरे आणि पाण्याच्या बाटल्या वाटणारी एक बाई. महापौरांचं वय एकोणसाठ, वजन शंभराच्या पुढे, आणि वेळ दुपारी बाराची. तीनशे पायऱ्यांपर्यंत ते बोलत होते. पाचशेपर्यंत मान हलवत होते. सातशेच्या पुढे, जिथे पायऱ्यांना जीपचा रस्ता येऊन मिळतो, तिथे ते एका ओट्यावर बसले. चेहरा मळलेल्या कणकेसारखा झाला होता.

तो ओटा देयानीराच्या घराचा होता. ती वर चौकात गुळाचं गरम पाणी घेऊन वाट बघत उभी होती; बातमी कळली तशी धावत खाली आली. एलिओदोरो दारात उभा राहून जीपच्या काचा पुसत होता. तीन दिवस जीप हलली नव्हती, पण काचा तो रोज पुसायचा.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"संप आहे."

"एलिओ, माणूस जातोय."

"कुठला माणूस?" त्यानं वाकून बघितलं. महापौर कोपरावर कलले होते, आणि कॅमेरेवाला त्यांना जरा उजेडाकडे सरकायला सांगत होता. एलिओदोरोनं फडकं खांद्यावर टाकलं. "च्यायला. धर त्याला काखेतून."

उताराला त्यानं एकदाही हॉर्न वाजवला नाही, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मागे महापौरांचं डोकं देयानीराच्या मांडीवर होतं. चौथ्या वळणावर त्यांनी डोळे किलकिले केले.

"गाडी पडली का नाही अजून?"

"नाही, डॉक्टर. माझा भाऊ चालवतोय."

"ब्रेक कुठले आहेत हिचे?" महापौरांनी विचारलं आणि पुन्हा डोळे मिटले.

हृदयविकाराचा झटका होता, लहानसा. अर्धा तास उशीर झाला असता तर मोठा झाला असता, असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे माणसांचे डॉक्टर. संध्याकाळच्या बातम्यांत जीप दिसली, जीपचा नंबर दिसला, आणि एलिओदोरोचा चेहरा तर फारच स्वच्छ दिसला. काचा पुसलेल्या होत्या. संघटनेनं त्याला संप मोडल्याबद्दल सहा महिन्यांसाठी काढून टाकलं. अध्यक्ष स्वतः घरी येऊन सांगून गेले. म्हणाले, "आम्हीही तेच केलं असतं, भाऊ. पण तू टीव्हीवर आलास."

चौथ्या दिवशी महापौर दवाखान्याच्या खाटेवरून रेडिओवर बोलले. आवाज बारीक होता, पण साडेसहाला होता. "मरणाच्या दारातून मला कुणी परत आणलं? तारेला टांगलेल्या डब्यानं? जीपनं आणलं! मी जीपवाल्यांची माफी मागतो. मी जिवंत आहे तोवर या शहरात रोपवे होणार नाही."

देयानीरा आरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, भाजत होती. ती तव्यावरच राहिली.

ती सांकोचो सुपाचा डबा घेऊन दवाखान्यात गेली. महापौर उशांना टेकून बसले होते. सूप बघून त्यांचे डोळे भरून आले.

"देयाबाई, तुमच्या मांडीवर माझं डोकं होतं हे मी विसरणार नाही."

"डॉक्टर, माझी मांडी राहू द्या. रोपवेचं असं कसं बोललात?"

"मनातून बोललो."

"ओतोनिएलला खुर्चीतून उतरवतात. बायका पोटुशी असताना पायऱ्या उतरतात. तुम्हीच म्हणाला होता ना की ही लाजेची गोष्ट आहे?"

"म्हणालो होतो. तेव्हा मला झटका आला नव्हता." त्यांनी चमचाभर सूप घेतलं. "माणूस बदलतो. त्या जीपमध्ये मला माझे वडील दिसले."

ती बाहेर आली. व्हरांड्यात खुर्च्या होत्या आणि भिंतीवर टीव्ही लावला होता. टीव्हीवर एचेवेरीबाई बोलत होत्या. कपाळाला आठी, गळ्यात मोती. "महापौरांनी एल मिरादोरच्या गरिबांना वाऱ्यावर सोडलंय," त्या म्हणत होत्या. "रोपवे हा त्या लोकांचा हक्क आहे. आम्ही अकरा जण तो हक्क हिरावू देणार नाही."

त्याच रोपवेला खेळणं म्हणून दहा दिवसही झाले नव्हते. देयानीरा खुर्चीवर बसली. बाजूला एक बाई नवऱ्याचे कपडे पिशवीत घडी करून ठेवत होती, तिच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग उठली आणि पुन्हा खोलीत गेली.

"डॉक्टर, मी विचार केला. तुमचं बरोबर आहे."

महापौरांनी चमचा खाली ठेवला. "खरंच?"

"मनातलं बोलावं माणसानं. पण एकदा बोलून काय होतंय? लोक विसरतात. रोज बोला. आणि एचेवेरीबाईंचं नाव घेऊन बोला."

"तुम्ही नऊ वर्षं मागत होता आणि तुम्ही हे म्हणता?" ते हळवे झाले. "देयाबाई, तुमच्यासारखी निष्ठा मी जनावरांतसुद्धा पाहिली नाही."

पायऱ्या चढून घरी येताना तिला तीनदा वाटलं की परत जावं आणि खरं सांगावं. माणूस आजारी होता. त्यानं तिचा हात धरला होता. तिन्ही वेळा गुडघा दुखला, आणि ती पुढे चढत राहिली.

माफीनंतर संप मिटला; महापौर मात्र रोज बोलले. रोपवेच्या डब्यात लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत लोंबकळतील, असं बोलले. एचेवेरीबाईंना त्याच डब्यात बसवून मधेच वीज घालवली तर शहराला शांतता मिळेल, असंही बोलले. अकरा नगरसेवक रोज संतापत गेले आणि रोपवेच्या जास्त जास्त प्रेमात पडले. एचेवेरीबाई आयुष्यात पहिल्यांदा एल मिरादोरला आल्या, ओतोनिएलच्या खुर्चीला हात लावून फोटो काढून घेतला. वस्ती समितीतले लोक देयानीरावर चिडले.

"तुम्ही गप्प का? तुमचा लाडका महापौर आपल्याला बुडवतोय!"

"गणवेश आलेत शिवायला," ती म्हणायची.

शेवटी अकरा जणांनी स्वतःच रोपवेचा ठराव आणला. मतदानाच्या आदल्या दिवशी महापौरांचा फोन आला. आवाज विचारात पडल्यासारखा.

"देयाबाई, मी काय म्हणतो, जीपही राहू दे आणि रोपवेही होऊ दे, असं म्हटलं तर? मन मोठं केलं तर?"

तिनं सुई गणवेशाच्या कापडाला टोचून ठेवली. "म्हणा की. फक्त एचेवेरीबाई म्हणतील, तास्कोन घाबरला."

"घाबरला? मी?"

"मी नाही म्हणत. त्या म्हणतील."

"बघतो कोण म्हणतंय ते," महापौर म्हणाले आणि फोन आपटला.

रोपवे अकरा विरुद्ध आठ मतांनी मंजूर झाला. ज्या आठ जणांनी महिन्यापूर्वी त्याच्यासाठी हात वर केले होते, त्यांनी विरोधात केले. महापौर टेबलावर मुठी आपटत होते आणि त्यांचा मुलगा मागून त्यांना गोळी देत होता. प्रेक्षकांच्या बाकावर एल मिरादोरचे लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. देयानीरानं पर्समधून रुमाल काढला आणि नाक पुसलं.

त्या दुपारी एलिओदोरो जेवायला बसला, पण वाढून घेईना.

"तूच केलंस ना हे?"

तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि हो म्हणाली. सगळं सांगितलं, दवाखाना, टीव्ही, फोन.

"मी त्या माणसाला खाली नेलं," शेवटी तो म्हणाला. "तुझ्या सांगण्यावरून. धंदा गेला माझा. आणि तो जीपच्या बाजूनं बोलायला लागला, तर तू त्यालाच खेळवलंस."

"ओतोनिएल—"

"ओतोनिएलचं मला सांगू नकोस. मी फुकट नेतो त्याला, संप नसताना." तो उठला. दुसऱ्या दिवसापासून तो वरच स्वतःचं शिजवू लागला. दुपारी जिन्यातून करपलेल्या भाताचा वास खाली यायचा. ती ताट झाकून पायरीवर ठेवायची; ते संध्याकाळी तसंच असायचं.

बांधायला दोन वर्षं लागली. उद्घाटनाला फीत एका बाजूनं महापौरांनी धरली आणि दुसऱ्या बाजूनं एचेवेरीबाईंनी, आणि दोघांनीही हे आपलं जुनं स्वप्न असल्याचं सांगितलं. देयानीराला तिसऱ्या रांगेत जागा होती. भाषणं संपल्यावर महापौर गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आले. बरेच वाळले होते.

"मला खेळवलंत ना तुम्ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो, डॉक्टर."

"केव्हापासून?"

"दुसऱ्यांदा खोलीत आले तेव्हापासून."

त्यांनी मनाशी हिशेब केला. "म्हणजे सूप त्याआधीचं."

"सूप आधीचं."

"मग ठीक आहे," महापौर म्हणाले आणि फोटोसाठी निघून गेले.

रोपवे सुरू झाल्यावर पाच महिन्यांत एल मिरादोरच्या निम्म्या जीपा विकल्या गेल्या. एलिओदोरोनं आपली विकली नाही. ती घेऊन तो चार तासांवरच्या एका कॉफीच्या गावाला गेला, जिथले रस्ते इतके खडे आहेत की तिथं दुसरं काही चालतच नाही. जाताना त्यानं वरच्या खोलीची किल्ली तिच्या मशीनवर ठेवली. तिनं त्याला वाटेसाठी बांधून दिलं, आणि या वेळी त्यानं ते घेतलं.

वर्षभरानं तो फोनवर म्हणाला, ये. ती सकाळी रोपवेनं खाली उतरली, बस पकडली, आणि दुपारी त्या गावच्या चौकात पोचली. तो जीपला टेकून उभा होता. केस पिकले होते. तिची पिशवी त्यानं मागे टाकली, तिला पुढे बसवलं, आणि बारा माणसं चढेपर्यंत गाडी सोडली नाही.

दुसऱ्या वळणावर त्यानं विचारलं, "कसा आहे तो डबा?"

"शांत आहे. कुणी कुणाशी बोलत नाही. सगळे काचेतून खाली बघत बसतात."

"गुडघा?"

"बरा आहे."

"मग झालं," एलिओदोरो म्हणाला आणि गिअर बदलला. सीटचं रेक्झिन फाटलं होतं, आतला भुसा तिच्या स्कर्टला चिकटत होता. तिनं बोटानं फाटलेली जागा मापली आणि मागच्या माणसाला विचारलं की या गावात जाड दोरा कुठे मिळतो.