कानपिळीचा मान

हृतिकचा फेटा बघितला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. कशाला लपवू, जळलोच मी. हृतिक माझा चुलतभाऊ, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या, प्रांजलच्या लग्नात कानपिळीचा मान त्याला! नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि त्याच्याकडून पोशाख घ्यायचा. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला न विचारता ठरवून टाकलं होतं.

मी थोरला, पण घरच्यांच्या लेखी थोरली. जन्मल्यावर नाव ठेवलं ऋतिका. दोन वर्षं झाली, मी ज्ञानेश आहे. औषधं चालू आहेत, मिशी फुटलीय, कंपनीत सगळे ज्ञानेशच म्हणतात. गावी न्हावऱ्यात मात्र मी करवली. प्रांजलच्या मागं कऱ्हा धरून उभं राहायचं.

आईनं समजून घ्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. हळदीच्या दिवशी मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, "म्हंजी तू दौंडच्या मोनिकावानी का?"

मोनिका दौंडात ब्लाउज शिवते. आईचेही तिनंच शिवलेत.

"न्हाई. मोनिका बाई हाय. तिला लहानपणी पोरगा समजले. माझं उलटं. मला पोरगी समजले, पण मी बाप्या हाय."

"मग ते फॉर्मवर असतंय ते, तृतीयपंथी?"

"काहीजण सोताला तसं म्हनतात. मी न्हाई. मी ट्रान्स पुरुष. नुसतं पुरुष म्हनलंस तरी चालंल."

"पोरी आवडतात म्हून व्हय गं हे?"

"ते येगळं, आई. मला कोन आवडतं ते येगळं, आन् मी कोन हाय ते येगळं."

"लय शब्द हायेत बाई तुमच्यात. लोकांना मी कुठला सांगू?"

"भाऊ सांग. प्रांजलचा भाऊ."

आई मेथीच्या काड्या गोळा करून उठली.

लग्नात भटजींनी विचारलं, "नवरीचा भाऊ कुठाय?" हृतिक फोटोग्राफरकडं बघत पुढं झाला. त्यानं नवरदेवाचा, इंद्रजीतरावांचा कान नुसता चिमटीत धरला आणि फोटोसाठी हसला. बस, एवढंच! प्रांजलला सायकलवर शाळेत सोडायचो मी, एसटी स्टँडवर तिची छेड काढणाऱ्याच्या थोबाडीत मारली मी, आणि कान ह्यानं धरायचा? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कऱ्हा आईपुढं धरला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तो घेतला.

हृतिकला बाजूला सारून मी असा कान पिळला की इंद्रजीतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आबा खुर्चीवरून उठले.

"ओ मेव्हणं, सोडा की आता!" इंद्रजीतराव कळवळून ओरडले.

मी लगेच सोडला नाही. मला ते परत एकदा ऐकायचं होतं.