ग्रीसखालची रेघ

आमच्या दादाचा हात जड, हे मी बावीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय. जुन्या लेन्सच्या आट्यांना ग्रीस लावायचं ते दातकोरणीच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त झालं की उन्हाळ्यात त्याचं तेल सुटतं, आतल्या, उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवर पाझरतं, पाती चिकटतात आणि काचेवर धुरकट थर चढतो. एवढी साधी अक्कल दादाला नव्हती. एका फोटोग्राफरची लेन्स ऐन लग्नात अडकली, तो दुकानात येऊन शिव्या घालून गेला, आणि बाबांनी दादाला दुरुस्तीच्या टेबलावरून उठवलं. पुढे त्याने जन्मभर गोदामात खोकी मोजली. मी म्हणायचो, बरं झालं.

आता निवृत्त झाल्यावर स्वारी दुकानात हजर. "परत टेबलावर बसू दे रे. हात शिवशिवतात."

"बस की," मी म्हटलं, "पण आधी तुझा पराक्रम बघ."

योग असा, की त्या फोटोग्राफरची मुलगी तीच लेन्स आदल्या दिवशी देऊन गेली होती. लग्नातल्या त्या घोळापासून ती त्यांच्या कपाटात पडून होती. मी दादासमोरच लेन्सची फिरती कडी सोडवली. आत नुसता चिखल.

"शाबास," मी म्हटलं. "बैलगाडीचं चाक समजलास काय?"

मी कापूस पेट्रोलमध्ये बुडवून कडी पुसत गेलो. बाबांचा दंडक होता, ज्याने ग्रीस भरलं त्याने कडीच्या आत सुईने खूण करायची. दादाच्या दोन रेघा, माझी एक.

ग्रीसखाली एकच रेघ होती.

मी पुन्हा पुसलं. एकच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"गिऱ्हाइकाकडून लेन्स मी घेतली होती, म्हणून नाव माझं आलं," दादा म्हणाला. "पण ग्रीस भरलं त्या दिवशी मी दवाखान्यात होतो. टेबलावर तू होतास."

मी कापूस खाली ठेवला. "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर बाबांनी तुला काढलं असतं. आणि तुला दुसरं येत होतं काय?"

मी खुर्चीवरून उठलो. तो बसला, चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला.

"पाती मी सुटी करतो," तो म्हणाला. "तू काच पूस. ग्रीसच्या डबीला हात लावू नकोस."