माझ्या कडेवरचे तीन ठोके

‘हा चित्रपट आमचे मंडळ पहिल्या दिवसापासून मूळ क्रमानेच दाखवत आले आहे. एखाद्या ज्येष्ठ प्रेक्षकास शेवट निराळा आठवत असल्यास तो वयाचा दोष समजावा.’

मित्रांनो, श्रीगोंद्याच्या आमच्या चित्रपट मंडळाने यंदाच्या स्मरणिकेत ही दोन वाक्ये छापली आहेत. कागद गुळगुळीत, छपाई सुबक, शुद्धलेखन निर्दोष. फक्त दोन्ही वाक्ये खोटी आहेत. मी त्याच चित्रपटाच्या रिळाचा जुना, पत्र्याचा डबा आहे. माझी साक्ष घ्यावी असे संपादकांना वाटले नाही, म्हणून ती इथे देतो.

माझा जन्म नागापूरच्या एमआयडीसीतला. चित्रपट तीन रिळांचा, म्हणून सहादेव नावाच्या कारागिराने आम्हा तीन भावंडांना घडवले. झाकणांवर आकडे रंगवून झाल्यावर त्याने प्रत्येकाच्या कडेवर आतून ठोके देऊन उंचवटे उठवले. थोरल्याला एक, मधल्याला दोन, मला तीन. मंडळाचे अध्यक्ष ज्ञानेश्वर सर हसले. आकडे असताना हे कशाला, असे त्यांनी विचारले. सहादेव म्हणाला, “रंगाचं काय सर, आज हाय, उद्या न्हाई. ठोका ऱ्हातो.”

एक गोष्ट आधीच कबूल करतो. हा चित्रपट मी कधीही पाहिलेला नाही. तो पडद्यावर असतो तेव्हा मी प्रोजेक्टरशेजारी रिकामा पडलेला असतो. मला तो माणसांच्या बोलण्यातून कळला आणि तरीही मी त्याच्यावर जीव लावला. पहिल्या रिळात नदीकाठच्या गावातली एक शिक्षिका नाहीशी होते. दुसऱ्यात फौजदार तिला शोधत फिरतो आणि अखेर ती स्वतःच्याच अंगणात ज्वारी निवडताना दिसते. इतके दिवस कुठे होतीस, असे तिला कोणीही विचारत नाही. तिसऱ्यात, म्हणजे माझ्या पोटातल्या रिळात, घर पुन्हा रिकामे असते आणि नदीवरून एक रिकामी होडी जाते. होडीत उघडी छत्री. ‘समाप्त’ अशी पाटीसुद्धा नाही. ती खरोखर परतली होती की ते फौजदाराचे स्वप्न होते, हे दिग्दर्शकाने सांगितलेले नाही.

सदतीस वर्षांपूर्वी शाळेच्या सभागृहात पहिला खेळ झाला. दिवे लागले तरी कोणी उठेना. मग उसाच्या खुरपणीवरून थेट आलेल्या गोजरबाई उभ्या राहिल्या. “ओ सर, दोन तास बसलोय आमी. ती बाई गेली कुठं, त्येवढं सांगा.”

खेळाआधी अर्धा तास प्रास्ताविक केलेले सर चष्मा पुसू लागले.

“आता ऱ्हाऊ द्या, काच झिजंल,” गोजरबाई म्हणाल्या. सभागृह हसले.

गोजरबाई संतापल्या होत्या, हे खरे. परंतु आठ दिवसांनी त्या मंडळाच्या खोलीत आल्या त्या याच चित्रपटावर भांडायला. उसाच्या बांधावर त्यांचे जावेशी त्यावरून वाजले होते. तरुण शिक्षिका रेबेकाबाई तिथे होत्या, माझ्या कडेवरचे उंचवटे बोटाने मोजत. त्या हळूच म्हणाल्या, “मला वाटतं ती परत आली, पण पूर्ण नाही आली.” गोजरबाई बराच वेळ गप्प राहिल्या. मित्रांनो, उत्तर न देता माणसाला इतका वेळ गप्प बसवणारी वस्तू जगात फार नसते. ती माझ्या पोटात होती.

पुढच्या महिन्यात माझ्या झाकणाला ताज्या रंगाचा वास येऊ लागला. तीनचा दोन झाला होता. मधल्या भावाच्या कपाळी तीन आला. आता बाई नाहीशी होई, होडी दिसे, शोध लागे आणि शेवटी बाई अंगणात सुखरूप. “कळालं समदं,” गोजरबाई जांभई देत म्हणाल्या, आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. मंडळाच्या इतिवृत्तात नोंद झाली, ‘चित्रपट सर्वांना समजला.’

त्याआधीच रेबेकाबाईंची पुणतांब्याला बदली झाली होती. निवृत्तीनंतर त्या परतल्या आणि गेल्या वर्षी खेळ संपताच उभ्या राहिल्या. “सर, होडी शेवटी येते.”

सर माईकवर म्हणाले, “बाई, होडी केव्हाच गेली. तुम्हीच काठावर राहिलात.”

पुन्हा हशा. या वेळी मात्र एका माणसाच्या बुद्धीवर. रेबेकाबाईंची नात आराधना हिने काळजीपोटी घराच्या किल्ल्या स्वतःकडे घेतल्या. रोज सकाळी ती विचारू लागली, “आजी, आज वार कोणता?” रेबेकाबाई आधी चोरून कॅलेंडर पाहू लागल्या. त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. तशात ती स्मरणिका घरी आली.

परवा त्या नातीला घेऊन मंडळाच्या खोलीत आल्या. “डबे एकदा हातात द्या. मग ही म्हणते त्या डॉक्टरकडे मुकाट्याने जाते.” नजर अधू झालेली, बोटे माझ्या कडेवरून फिरली आणि थांबली.

“एक, दोन, तीन. आराधना, झाकणावर काय आहे?”

“दोन, आजी.”

आराधनाने नखाने रंग खरवडला. दोनखालून सहादेवचा तीन वर आला. तिने पर्समधून किल्ल्या काढल्या आणि आजीच्या मुठीत ठेवल्या.

मित्रांनो, आम्हा डब्यांना ओलीपासून जपा, गंजू देऊ नका. पण त्याहून एक मोठी निगा आहे. जे तुम्हाला उमगले नाही, ते दुरुस्त करू नका. ते तसेच पुढच्या माणसाच्या हाती द्या.

ज्ञानेश्वर सर दारातच उभे होते. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो:

“क्रम मीच बदलला, बाई. लोकांना कळावं म्हणून, असं मी स्वतःलाही सांगत आलो. ते खरं नाही. गोजरबाईंनी विचारलं आणि मला उत्तर येत नव्हतं. येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते जमलं नाही, म्हणून तुम्हाला वेडं ठरवलं.”