उलट्या टोपाखालचं कासव

मित्रांनो, मी एक जुना जर्मनचा टोप आहे. जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम, पण आमच्या कर्जतजवळच्या कशेळ्याकडे सगळे जर्मनच म्हणतात. मला बघून हसू नका. बुडाला भोक, कडेला पोचे, आतून काळा ठिक्कर, असं माझं रूप आहे, आणि वर मी उलटा टांगलेला असतो. का ते सांगतो. पण आधीच बजावून ठेवतो, माझी गोष्ट गोड नाही. गोड हवी असेल तर फळीवरच्या गुळाच्या डब्याला विचारा, तो दिवसभर तेच बडबडत असतो.

माझी मालकीण अंबाबाई. रस्त्याला लागून घर, मागे भातखाचरं, बाजूला कोंबड्यांची शेड. दहा वर्षं मी सरळ होतो आणि घरातल्या बारा माणसांचा भात माझ्यात शिजत होता. कोंबडीही शिजली, कशाला लपवू? मग एक दिवस बुडाला भोक पडलं. गळक्या टोपाला कोण विचारतो! अंबाबाईचा नवरा मालोजी मला भंगारवाल्याला द्यायला निघाला होता. अंबाबाईने मला त्याच्या हातातून हिसकावलं आणि बाजारात नामाकडे नेलं. नामा डबे आणि पेट्या ठोकून द्यायचा. त्याने ते भोक आणखी मोठं केलं, (काय कळ गेली म्हणून सांगू!) त्यात बल्बचा होल्डर बसवला, काठाला साखळ्या लावल्या आणि मला पालथं केलं. अशा रीतीने मी पिल्लांची आई झालो.

कोंबडीची पिल्लं एका दिवसाची असताना खोक्यांत भरून येतात. आई नाही, पंख नाहीत. मग शेडमध्ये भाताचं तूस पसरायचं, पिल्लं पांगून गारठू नयेत म्हणून भोवती पत्र्याचं गोल कडं उभं करायचं आणि मधोमध मला टांगायचं, पोटात दोनशेचा बल्ब लावून. किती उंच टांगायचं हे अंबाबाईने आपल्या सुनेला, छायाला, पहिल्याच खेपेला शिकवलं होतं.

"पिल्लूच सांगतं गं. अंग चोरून गोळा झाली, तर गारठा हाय, टोप खाली घे. कडेला जाऊन चोची वासल्या, तर टोप वर घे. पसरून झोपली, की तू पण जाऊन झोप."

मेलेलं ओळखायचं कसं, तेही तिनेच शिकवलं. हात लावायचा. ऊन लागलं तर जिवंत, गार लागलं तर संपलं. यात चूक व्हायची नाही, कारण पिल्लांची जात मोठी निर्दय. एखादं मेलं की बाकीची त्याला तुडवत तुडवत कडेला सारतात, आणि कडेला ते बघता बघता थंड पडतं. मी रोज वरून बघायचो. पहिली काही वर्षं वाईट वाटलं, मग वाटेनासं झालं.

छाया मात्र सासूच्या वरताण निघाली. दुसऱ्यांच्या शेडमध्ये पाचशेतली वीस-पंचवीस मरायची, हिची फार तर तीन. लोक विचारायला यायचे, "छायाताई, काय करता काय तुमी?" ती माझ्याकडे बोट दाखवायची. मी लालेलाल व्हायचो, बल्बने नव्हे, मानाने!

पण मान काय कायमचा असतो? अंबाबाई वारली. शेडमध्ये गॅसच्या चकचकीत शेगड्या आल्या आणि मला माळ्यावर फेकलं. चार वर्षं पडून होतो. पाली माझ्यात अंडी घालून गेल्या. वर्षानुवर्षं ज्यांच्यासाठी जळलो, त्यांनी एकदा मान वर करून बघितलंही नाही. जळो मेलं ते!

आणि मग ते कासव आलं.

छायाचा नवरा किरण खोपोलीला कंपनीत आहे. त्याने कुणा मित्राकडून ते खिशात घालून आणलं. तळहातावर मावेल एवढं पोर ते, पाठीवर पिवळ्या चांदण्या. असलं कासव घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, हे किरणला पक्कं ठाऊक होतं. पण मालोजी हरखला. "घरात कासव आलं म्हणजे लक्ष्मी आली," म्हणाला, आणि त्याला देव्हाऱ्याखाली परातीत सोडलं. किरणने आपल्या आठ वर्षांच्या मुलीला, माधवीला, दम भरला, "शाळेत बोललीस तर बघ."

माधवी बोलली नाही. पण कासव तिचंच झालं. नांगरलेल्या खाचरातल्या ढेकळासारखं दिसतं म्हणून तिने त्याचं नाव ढेकळ्या ठेवलं. जास्वंदीची पाकळी धरली की तो मान लांब करून तिच्या बोटांतून ओढून घ्यायचा. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी त्याच्याकडे. जेवताना तो, अभ्यासाला तो.

पौषात डोंगरावरून थंडी उतरली. ढेकळ्याने खाणं सोडलं. डोळे मिटून परातीत पडून राहायचा. माधवी रडून रडून हैराण झाली. छाया सासऱ्याला म्हणाली, "मामा, कर्जतला डॉक्टरला दाखवून आणू का?"

"आण की! डॉक्टर वनखात्याला कळवील. मग नवऱ्याला सोडवायला पण तूच जा."

छायाने डॉक्टरचा विषय सोडला. मग तिला माझी आठवण झाली. शिडी लावून तिने मला माळ्यावरून काढलं, झटकलं, पुसलं. माधवी डोळे चोळत उभी होती. छायाने तिला जवळ ओढलं.

"रडू नको गं. हजारांनी पिल्लं जगवलीत मी. हे एवढंसं एक नाय जगवणार होय? शब्द देते तुला."

शब्द दिला, मित्रांनो. आता सगळं त्या शब्दावर आलं, आणि तो पाळायचा होता मी.

मागच्या खोलीत तूस पसरलं. दोन हात रुंदीचं पत्र्याचं कडं उभं केलं. मला वर टांगलं. पहिल्या दिवशी काय चमत्कार झाला म्हणता! तासाभरात ढेकळ्याने डोळे उघडले, पाय काढले आणि दोन पाकळ्या खाल्ल्या. माधवी नाचायची तेवढी बाकी राहिली. मालोजीनेसुद्धा मला टिचकी मारली, "म्हातारा टोप, पण कामाचा हाय!" चार वर्षांनी कौतुक ऐकलं. मी फुगलो.

दुसऱ्या दिवशी ढेकळ्या कडेकडेने फिरू लागला. गोल, गोल, गोल. नखांनी पत्रा खरवडायचा. छाया हसली, "बघ, कशी ताकद आली!" ताकद कसली, कपाळ! तो सावली शोधत होता. कासवाला ऊब लागते तशी ऊब सोडून जायला गार कोपराही लागतो. तापलं की सरकायचं, निवलं की परत यायचं, असा त्याचा हिशेब. आणि त्या एवढ्याशा कड्यात मी सगळीकडे होतो.

दुपारी छताचा पत्रा वरून तापला आणि मी खालून. ढेकळ्या थकला. त्याने डोकं आत घेतलं, चारी पाय आत घेतले. छाया वाकून बघत होती. पिल्लांच्या भाषेत याचा अर्थ एकच.

"अंग चोरलंय. गारठलाय गं हा." तिने साखळी सोडून मला वीतभर खाली घेतलं.

तो आणखी आत गेला. तिने मला आणखी खाली घेतलं.

अगं बाई, बघ तरी! मी असं किती ओरडलो असेन, पण टोपाला तोंड असतं ते भाताला, बोलायला नाही. पिल्लू असतं तर चोच वासून बोंब मारली असती. हा बिचारा मुका.

तेवढ्यात बुधी आली. आदिवासी वाडीवरची म्हातारी, पूर्वी शेड झाडायला यायची. मोळी टाकायला मागच्या दारी आली होती. माधवीने तिला हात धरून आत आणलं, शपथ घालून. बुधी कड्यावरून वाकली.

"ह्याला कोंडला कशाला? कडं काढ, छाया. आर्ध्यात ऊन दे, आर्ध्यात सावली दे. कुठं बसायचं ते त्याचं तो बघंल."

मालोजी दारात उभा होता. "तुमी लोक कासवं खाता, बुधे. पाळायचं कसं ते तू सांगणार?"

बुधी जराही चिडली नाही. "खाल्लीत, म्हणून तर सांगते. माझा आजा निखाऱ्यावर ठेवायचा तवा पण कासव आसंच गप राहायचं. जिता हाय का बघायचं तर पाय ओढून बघ. आत घेतला तर जिता." एवढं बोलून तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि निघून गेली.

छायाचा हात माझ्या साखळीपर्यंत गेला होता. मालोजी म्हणाला, "तिचं काय ऐकतेस? ज्याचं काम त्यालाच कळतं." हात खाली आला. पण सगळं खापर मालोजीवर फोडणार नाही मी. छायाला स्वतःच्या हाताची घमेंड होती. इतक्या वर्षांत तो हात चुकला नव्हता, आणि मोळी विकणाऱ्या बाईने तो चुकतोय म्हणावं, हे तिला सोसलं नाही.

दिवेलागणीच्या सुमाराला ढेकळ्याने एकदा डोकं बाहेर काढलं. तोंड उघडलं. मिटलं नाही.

आता सर्वांत वाईट सांगतो. तो मेला हे कुणाला कळलंच नाही. सकाळी छायाने पाठीवर हात ठेवला, ऊन लागली. "झोपलाय, जिवंत हाय," ती म्हणाली. ऊन का नसणार? मी होतो ना वर! दोन दिवस मी एका मढ्याला ऊब देत होतो आणि घर निर्धास्त होतं. माधवी पाकळ्या ठेवायची, त्या माझ्याखाली वाळून कुरकुरीत व्हायच्या. ती त्या काढून नव्या ठेवायची. शाळेतली कविता म्हणून दाखवायची. "ऐकतोय हा," म्हणायची.

तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली. छायाने बघितलं आणि तिला बुधीचं बोलणं आठवलं. तिने ढेकळ्याचा पाय दोन बोटांनी ओढला आणि सोडला. पाय सोडला तिथेच राहिला. तिने उठून माझं बटण बंद केलं.

मालोजीने घर डोक्यावर घेतलं. "घरातली लक्ष्मी मारलीस! हजारांनी जगवली म्हणं!" किरणला कायद्याची भीती, त्याने घाईघाईने खाचराच्या बांधाला खड्डा केला आणि वर दगड लोटला. एका माणसाने म्हणून बरा शब्द काढला नाही. माधवी शाळेतून आली तेव्हा छाया तिला म्हणाली, "थंडीने गेला गं तो."

हे मला ऐकवेना. जळणारा मी, आणि नाव थंडीचं?

माधवीने दप्तर खाली टाकलं. मागच्या खोलीत आली. तिने बटण दाबलं. कड्यात उतरून बसली आणि ढेकळ्या असायचा तिथे, माझ्याखाली, आपला तळवा धरला. मी तापू लागलो. काय करू, मला दुसरं येतं काय? तिचे ओठ आवळले, डोळ्यांत पाणी आलं. मग तिने झटकन हात मागे घेतला. छाया दारात येऊन उभी होती.

"आई, इथं थंडी कुठं हाय गं?" माधवीने लाल झालेला तळवा पुढे केला. "मला हात काढता आला. त्याला कुठं जागा होती?"

छाया कड्यापाशी आली. "नव्हती गं," ती म्हणाली. "मीच भाजला त्याला. बुधीने सांगितलं होतं, तरी मीच भाजला." माधवीने तिला मिठी मारली नाही. ती कड्यावरून पाय टाकून निघून गेली, आणि त्यानंतर बरेच दिवस आईशी कामापुरतंच बोलत होती.

मित्रांनो, माझी कीव करू नका; कीव यावी ती ढेकळ्याची. रानातला जीव घरात आणू नका. आणि जो ओरडू शकत नाही अशा कुणाला ऊब देण्याची वेळ आलीच, तर त्या उबेखाली आधी स्वतःचा हात धरून बघा. आणि तो लगेच काढू नका.