इसरी गऊ

बांधावरच्या ड्रममधून हिलाल फवारणीच्या पंपात पाणी ओतू लागला, तेव्हा पलीकडे बसलेला कौतिक तिकडेच बघत होता. पंप कौतिकचाच. काल त्यातून त्यानं मक्यावर तणनाशक मारलं होतं आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, धुतला नव्हता. मक्याला ते काही करत नाही. कपाशीला मात्र थेंबभरही पुरे. आठवड्यात पानं आखडतात, हंगाम हातचा जातो. आणि गावची रीत अशी, की पंप देणारा धुऊनच देतो. घेणारा आत डोकावतसुद्धा नाही.

एवढं झालं काय होतं? तर या चुलतभावानं पारावर चार माणसांत विचारलं होतं, “भाऊ, तुमना कापूस उभा शे का बठेल शे?” लोक हसले. हिलालची कपाशी कमरेला, कौतिकची गुडघ्याला. एवढ्याशा बोलण्यावर माणसानं मनात विष कालवावं!

उद्या कोणी विचारलंच, तर उत्तर तयार होतं: इसरी गऊ. विसरणाऱ्याला कोण काय म्हणणार?

पण रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला मंडळीसमोर कौतिकनंच शास्त्रातून वाचलं होतं, की नकळत चुकलेल्याला क्षमेसाठी अर्पण आहे. हात उगारून, जाणूनबुजून चुकणाऱ्यासाठी नाही. आवाज कसा खणखणीत लागला होता. पाळकांनी पाठही थोपटली होती.

हिलालनं औषध ओतलं, पंप पाठीवर घेतला, पहिल्या ओळीशी उभा राहिला. हात दांड्यावर गेला.

“हिलाल! थांब! पंप धुयेल नही शे! तणनाशक शे त्यामा!”

हिलाल पांढराफटक पडला. पंप उतरवून त्यानं सगळं पाणी लांब पडीक जागेत ओतलं. मग घाम पुसत हसला. “इसरी गयात ना, भाऊ? बरं व्हयनं, याद उनी.”

शेत वाचलं होतं. आता नुसती मान हलवायची, की कौतिकही वाचला. त्यानं ती हलवलीही, अर्धी. मग स्वतःचीच किळस आली.

“मी इसरेल नव्हतू,” तो म्हणाला. “जाणीसन दिन्हा.”

हिलालचं हसू विरलं. त्यानं पंप आणून कौतिकच्या पायाशी ठेवला.

“येत्या रईवारले बी तुम्हीच वाचशात का, भाऊ?”

कौतिक खाली बसला आणि पंप धुवायला लागला.