लाल चिठ्ठीचा पतंग

"याचं पोट उद्या उघडून बघायचंय," संग्रहालयाच्या नव्या प्रमुख बाई म्हणाल्या आणि त्यांनी लाल चिठ्ठीचा पतंग पेटीतून उचलला.

मांडणीकार हातातलं काम टाकून पुढे आला. एकतीस वर्षं तो या कीटकांच्या संग्रहालयात पतंगांचे पंख पसरून त्यांना टाचणीवर बसवत होता. त्याच्या हातून पतंगाची मिशीसुद्धा मोडत नाही, असं सगळे म्हणत. म्हणायला लोकांचं काय जातं!

पतंग तळहाताएवढा, तपकिरी, पंखांवर फिकट चंद्रकोर. शेजारच्या कप्प्यात हुबेहूब असेच दोनशे होते. पण पतंगाचे पंख फसवतात, जात कळते ती पोटाच्या टोकाला असलेल्या हुकासारख्या बारीक आकड्यांवरून. याचे आकडे निराळे दिसले म्हणून जुन्या साहेबांनी नवी जात जाहीर केली आणि तिला आपल्या वारलेल्या मुलीचं नाव दिलं. लाल चिठ्ठी म्हणजे त्या जातीचा पहिला आणि एकमेव नमुना.

"उघडू नका बाई," तो म्हणाला. "ते पोट त्याचं नाही."

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात पतंगाचं खरं पोट त्याच्या हातून गळून पडलं होतं. घाबरून त्यानं सुट्या तुकड्यांच्या डबीतलं दुसरंच पोट डिंकानं चिकटवलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणेपर्यंत साहेबांनी नाव देऊनही टाकलं. मुलगी गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते. मग मांडणीकाराचं तोंड शिवलं ते शिवलंच. त्या जातीचा दुसरा पतंग शोधत लोक दोन वर्षं जंगलं तुडवून आले, तेव्हाही.

संध्याकाळी तो साहेबांच्या घरी गेला. ते आता अंथरुणाला खिळले होते. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

"डिंक मी त्याच दिवशी पाहिला होता," साहेब म्हणाले. "तू सांगशील म्हणून वाट पाहिली. नंतर तू सांगत नाहीस, हेच बरं वाटायला लागलं."

त्याला आधी राग आला. एकतीस वर्षं तो एकटाच झुरला होता, आणि इकडेही अळीमिळी गुपचिळीच. मग साहेबांचा सुकलेला हात दिसला आणि राग टिकेना.

"दुरुस्तीची चिठ्ठी तूच लिही," साहेब म्हणाले. "दुसऱ्याचा हात नको."

दुसऱ्या दिवशी त्यानं कप्प्यावरची मुलीच्या नावाची पट्टी काढली. टाचणीवरची जुनी चिठ्ठी मात्र काढायची नसते, नवी तिच्याखाली लावतात. त्यानं बारीक अक्षरात नवी लिहिली, लावली, आणि पतंग शेजारच्या दोनशेंत नेऊन बसवला. त्या गर्दीत लाल चिठ्ठी एकच होती. त्यानं काच पुसली आणि पेटी बंद केली.