थुंकीची साक्ष

त्या दिवशी लाँड्रीतलं एकही यंत्र चालू नव्हतं, तरी आत पाय ठेवायला जागा नव्हती. अकरा कामगार, त्यांच्या घरची मंडळी आणि ज्यांचा लाँड्रीशी काडीचा संबंध नाही असे शे-दीडशे लोक. मधल्या लांब टेबलावर अकरा काचेचे पेले मांडले होते. त्यातलं पाणी असं गडद निळं, की एकदा गेलेली नजर परत येऊ नये.

टेबलामागे निळेबाबा बसले होते. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. चोर शोधून देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

ही लाँड्री हॉस्पिटलच्या चादरी धुते. चादरींच्या घड्यांत काहीबाही सापडतं: चष्मा, दातांची कवळी, एखादं कानातलं. सापडलं की खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं आणि हॉस्पिटलचा माणूस आला की त्याच्या हवाली करायचं, असा तिथला जुना रिवाज. डब्याला कुलूप नव्हतं; कधी लागलंच नव्हतं. एका सोमवारी त्यातली सोन्याची अंगठी नाहीशी झाली. ती एका वारलेल्या बाईची होती आणि तिचा नवरा ती मागायला दारात उभा होता. बोभाटा झाला तर हॉस्पिटलचं काम हातचं जाईल, म्हणून मालक पोलिसांत गेला नाही. त्याने बाबांना बोलावलं.

बाबांनी खळवालीकडून वाटीभर खळ मागून घेतली. चादरींना खळ द्यायचं काम तिचं, अठरा वर्षांचं. तिनेच ती गाळून, निवळ करून आणून दिली. बाबांनी प्रत्येक पेल्यातल्या पाण्यात चमचाभर खळ घातली, वर तपकिरी बाटलीतल्या ‘तेजा’चे दोन थेंब टाकले आणि पाणी निळं झालं. 

‘‘ज्याचं मन साफ, त्याच्या थुंकीत तेज,’’ बाबा म्हणाले. ‘‘त्याचा पेला पाच मिनिटांत निवळेल. पाप्याची थुंकी म्हणजे नुसतं पाणी. आणि पाण्याने पाप धुतलं जात असतं बाळांनो, तर तुमच्या मालकाची लाँड्री आज स्वर्गात असती.’’

लोक हसले. मालकही हसला.

एकेक जण पुढे येऊन आपापल्या पेल्यात थुंकला. इस्त्रीवाल्याने, सकाळपासून तंबाखू आहे तोंडात, तेजाला चालेल ना, असं विचारून घेतलं. बाबांनी त्याला चूळ भरायला लावली. मग सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. एक पेला फिका झाला, दुसरा झाला. इस्त्रीवाल्याचा तर पाहता पाहता निवळला आणि त्याने कॉलर ताठ केली. पाच मिनिटं झाली तेव्हा दहा पेले पाण्यासारखे स्वच्छ होते. अकरावा होता तसाच होता. तो खळवालीचा होता.

ती पेल्याकडे बघत राहिली. बोलली तिची मुलगी. एकोणीस वर्षांची पोर, बाप नसलेली, पुढच्या महिन्यात नर्सिंगच्या प्रशिक्षणाला जाणार होती. गर्दीतून वाट काढत ती टेबलाशी आली. ‘‘माझी आई अशी नाही. माझी थुंकी घ्या. मी तिच्याच हाताखाली वाढलेय. ती चोर असेल तर मीही असेन.’’

बाबांना काय, हवंच होतं. बारावा पेला मांडला गेला. पाच मिनिटं झाली आणि तोही निळाच राहिला.

‘‘खाण तशी माती,’’ बाबा हळूच म्हणाले. पण ऐकू सगळ्यांना गेलं.

तेव्हा खळवालीने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. मग मालकाकडे वळून म्हणाली, ‘‘अंगठी मी घेतली, साहेब. गटारात टाकली. पोरीला यातलं काही माहीत नाही. माझ्यामुळे तिचं पाणी नासलं.’’

मी या लाँड्रीच्या वर भाड्याने राहतो. तेव्हा जिन्यात उभा होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मी बाटल्या धुतल्या, परीक्षानळ्या मांडल्या. खळीत आयोडीन टाकलं की हा रंग येतो, हे मी शेकडो वेळा पाहिलेलं. थुंकीने तो जातो हेही पाहिलेलं. पण दोघींचाच का गेला नाही, ते मला सांगता येईना. कुणी विचारलं तर? मास्तर शिकवायचे, मी टेबल पुसायचो. आणि आता तर तिने कबूलही केलं होतं. मी वर गेलो आणि दार लावून घेतलं.

खळवालीचं काम सुटलं. मुलगी मामाकडे राहायला गेली. तिची आईवर माया नव्हती असं नाही. पण आपल्या रक्तातच खोट आहे, हे तिच्या मनाने घेतलं होतं. प्रशिक्षणाला ती गेलीच नाही.

मी वाचनालयात जाऊ लागलो. जे शोधत होतो ते दीड महिन्याने एका पुस्तकात सापडलं. माझा माझ्या वाचण्यावर विश्वास नव्हता, म्हणून दुसऱ्या पुस्तकात पडताळून पाहावं असं ठरवलं. ते पुस्तक कुणीतरी घरी नेलं होतं. मी दोन आठवडे त्याची वाट पाहत राहिलो.

त्या दोन आठवड्यांत खळवालीला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. त्याच हॉस्पिटलात, याच लाँड्रीच्या चादरीवर.

पुढे मुलगी आईचे रबरी हातमोजे आणि जेवणाचा डबा न्यायला आली. जेवणाची सुट्टी होती. मी औषधाच्या दुकानातून आयोडीन आणून ठेवलं होतं. खाली उतरलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून दहा माणसांसमोर बोललो. काय बोललो ते धड आठवत नाही. पेले मांडले, खळ घातली, थेंब टाकले.

इस्त्रीवाला पुढे वाकला. ‘‘काका, हे तर आपले डाग.’’

खरंच होतं ते. हॉस्पिटलात जखमेचं आयोडीन खळीच्या चादरीवर सांडलं की निळाकाळा डाग पडतो. असल्या चादरी हे लोक रोज वेगळ्या काढायचे. बाबांचं तेज यांच्याच गाठोड्यांत रोज येत होतं. फक्त पेल्यात ते कुणाला ओळखू आलं नव्हतं.

सगळे पेल्यांत थुंकले. मालक थुंकला, मुलगीही थुंकली. शेवटी मी थुंकलो. पाच मिनिटांनी दोन पेले निळे राहिले, तिचा आणि माझा.

‘‘म्हणजे काका, अंगठी तुम्ही घेतली?’’ इस्त्रीवाला म्हणाला. त्याचं त्यालाच हसू आलं नाही.

मग मी वाचलेलं सांगितलं. आपल्या पेशींत एक जनुक असतं. त्याच्यावरून लाळेच्या ग्रंथी अमायलेज नावाचं प्रथिन बनवतात आणि तोंडात सोडतात. हे प्रथिन खळीचे तुकडे करतं, आणि खळ संपली की निळा रंगही संपतो. या जनुकाच्या प्रती सगळ्यांत सारख्या नसतात. कुणाकडे दोन-तीन, कुणाकडे दहा-पंधरा. कमी प्रती असणाऱ्यांच्या लाळेत बहुधा हे प्रथिनही कमी असतं. प्रती आईबापांकडून येतात, म्हणून आईसारखी लेक. शिवाय भीतीने तोंड कोरडं पडतं, आणि चोरीचा आळ आला की भीती निर्दोष माणसालाही वाटते. यात मनाचा, पापाचा काही संबंध नाही. मी काही डॉक्टर नाही, तिच्या जनुकांच्या प्रती कुणी मोजलेल्या नाहीत, हेही सांगितलं. बाबांना हातचलाखी करावीच लागत नव्हती. गर्दीत असं कुणीतरी निघायचंच, आणि त्यांना एकच पुरायचं.

‘‘मग ती का म्हणाली, मी घेतली म्हणून?’’ मुलीने विचारलं.

  विचारता विचारताच तिचा चेहरा बदलला होता. ती गाठोड्यावर बसली. मग म्हणाली, ‘‘शेवटच्या दिवशी मी तिला तेच विचारत होते. कुठल्या गटारात टाकलीस, एवढं तरी सांग. ती नुसती माझा हात कुरवाळत राहिली.’’

मालक उठून दाराशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. जेवणाची सुट्टी संपली, तरी कुणी यंत्र सुरू केलं नाही. पंचवीस मिनिटं झाली असतील, तेव्हा इस्त्रीवाल्याने मुलीच्या खांद्याला हात लावून टेबलाकडे बोट केलं. तिचा पेला स्वच्छ झाला होता. त्याला वेळ लागतो, एवढंच. आईच्या पेल्यालाही थोडा अधिक वेळ दिला असता, तर कदाचित तोही निवळला असता.

अंगठी आजतागायत सापडलेली नाही. कुणी घेतली ते मला माहीत नाही, आणि ‘माहीत नाही’ म्हणायला मला लाज वाटत नाही. तुम्हीही म्हणत जा. माणूस खरा की खोटा, हे पेल्यातल्या रंगावरून ठरवू देऊ नका. कुणी चमत्कार दाखवला तर तो दुसऱ्यांदा करायला सांगा, स्वतः करून पाहा, आणि घड्याळ त्याच्या हातात देऊ नका. आणि माझ्यासारखं कुणाला अर्धवट माहीत असेल, तर त्याने अर्धवटच सांगावं. पण माणूस जिवंत आहे तोवर सांगावं.